सिमपायमध्ये (पायथनची अक्षरी गणित करणारी लायब्ररी) इंडेक्स असलेलं व्हेरिएबल कसं घ्यायचं? बेरीज चुकीची का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोयनेचा विसर्ग आणि सांगलीत इर्विन पुलाजवळची पाणीपातळी यांच्या तासागणिक नोंदी आहेत. 'पातळी = अ + ब × (क तासांपूर्वीचा विसर्ग)' हे समीकरण लघुतम वर्ग पद्धतीने बसवायचंय. व म्हणजे विसर्ग, प म्हणजे पातळी, द म्हणजे नोंदीचा क्रमांक, न म्हणजे एकूण नोंदी. सिम्बॉल्स('व_द') असं व्हेरिएबल केलंत, पण द च्या जागी ३ घातले तरी काही बदलत नाही, आणि १ ते न बेरीज घेतली की 'न × व_द' येतं.

त्या 'न × व_द' मध्येच दुखणं दिसतंय. 'व_द' हे नुसतं नाव आहे. त्यातल्या द चा तुमच्या द शी काही संबंध नाही. ज्युपिटर नोटबुक ते सबस्क्रिप्टसारखं छान खाली लिहून दाखवतं, म्हणून फसायला होतं. सिमपायच्या लेखी ते स्थिरपद, आणि स्थिरपदाची न वेळा बेरीज म्हणजे न पट.

हवंय ते इंडेक्स्डबेस, म्हणजे कंसात खरा इंडेक्स घेणारं व्हेरिएबल. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे व, प, द तशीच ठेवलीत. आज्ञांची नावं आणि आकडे मात्र इंग्रजीत टाइप करा, देवनागरी आकडा दिला की सिंटॅक्स एरर.)

व = इंडेक्स्डबेस('व')
प = इंडेक्स्डबेस('प')
द, क, न = सिम्बॉल्स('द क न', इंटिजर=ट्रू)
अ, ब = सिम्बॉल्स('अ ब')
चूक = सम((प[द] - अ - ब*व[द-क])**२, (द, क, न-१))

हे सम मोठ्या एस्सचं. छोट्या एस्सचं पायथनचं स्वतःचं आहे, ते इथे चालणार नाही. कंसात व[द-क] असं गणित थेट लिहिता येतं, आणि तुमच्या कामाला तेच लागणार आहे.

पुढे डिफ(चूक, अ) आणि डिफ(चूक, ब) हे डेरिव्हेटिव्ह घ्या. न अजून अक्षरच असलं तरी दोन्ही नीट येतात. मग सब्सने न=६, क=२ घालून डूइट करा, म्हणजे बेरीज उलगडून प[२], व[०] अशी पदं दिसू लागतील. हा क्रम मोडू नका: उलगडण्याआधी व[०]=१२०० असं घातलंत तर काहीच होत नाही, कारण तोवर आत व[०] नावाचं पदच नसतं, फक्त व[द-क] असतं. आकडे घातल्यावर सॉल्व्ह दोन्ही डेरिव्हेटिव्ह शून्य धरून अ आणि ब लगेच देतं. अक्षरं तशीच ठेवून सोडवायला गेलात तर पानभर अपूर्णांक निघेल, त्याचा उपयोग शून्य. आणि शेकडो नोंदी असतील तर सिमपायने सूत्र तपासा, आकडेमोड नम्पायवर (पायथनची ॲरेवर आकडेमोड करणारी लायब्ररी) टाका.

आता खरा धोका. लॅम्डिफायने या सूत्राचं आकड्यांवर चालणारं फंक्शन केलंत की व[द-क] हे पायथनच्या ॲरेवर चालतं. तिथे मोजणी ० पासून, आणि उणे इंडेक्स म्हणजे शेवटून मोजायचं. बेरीज द=१ पासून न पर्यंत लिहिली आणि क=३ असेल, तर पहिल्याच पदात व[-२] येतं. पायथन निमूटपणे शेवटून दुसरी नोंद उचलतं, म्हणजे पूर ओसरतानाचा विसर्ग पूर चढतानाच्या पातळीला चिकटतो. वरच्या टोकाला प[न] ॲरेच्या बाहेर जातं, तिथे निदान इंडेक्सएरर येते. खालच्या टोकाला तेही नाही. म्हणूनच वर द च्या मर्यादा क ते न-१ ठेवल्यात. इंडेक्स्डबेसला शेप दिला तरी हे अडत नाही. तो फक्त किती इंडेक्स दिलेत तेवढं मोजतो, ते मर्यादेत आहेत का ते बघत नाही.

आणखी दोन-तीन ठिकाणी अडकाल. मध्येच कुठे 'फॉर द इन रेंज(१०)' लिहिलंत तर द आता सिम्बॉल राहिला नाही, ९ झाला. पुढचं सम मर्यादांबद्दल तक्रार करेल आणि तुम्ही चूक भलतीकडे शोधत बसाल. एखाद्या एकाच नोंदीच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्यायचा असेल तर नवं अक्षर घ्या, प[ज]. क्रोनेकर डेल्टा (दोन इंडेक्स सारखे असतील तर १, नाहीतर ०) येईल, डूइट केल्यावर अटींसह उत्तर मिळेल. तिथे प[द] च वापरलंत तर बेरजेतला द आणि तुमचा द एक होऊन उत्तर बिघडतं. आणि सूत्रात कोणती पदं आहेत हे बघायला फ्री_सिम्बॉल्स नको, त्यात व[०] सोबत नुसता व पण येतो. ॲटम्स(इंडेक्स्ड) वापरा.

नोंदींची संख्या ठरलेली आणि छोटी असेल, इंडेक्सवर गणितही नसेल, तर एवढा खटाटोप नको: सिम्बॉल्स('व:६') ने व० ते व५ अशी सहा सुटी नावं मिळतात.

खरे आकडे घालण्याआधी एक तपासणी: विसर्गाच्या ॲरेमधल्या शेवटच्या क नोंदी नॅन ('आकडा नाही' अशी खूण) करा आणि फंक्शन चालवा. बरोबर मर्यादांमध्ये त्या नोंदी वापरल्याच जात नाहीत. उत्तर नॅन आलं तर इंडेक्स कुठेतरी सांडतोय, आधी मर्यादा बघा.