मुंबईचा फोर्ट भाग एका दिवसात पायी कसा पाहावा?

सकाळी नाही, दुपारी साडेतीनला निघा. रविवारी, म्हणजे रस्ते मोकळे मिळतात. सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वे स्थानक), टाऊन हॉल, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर या सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. सकाळी ऊन इमारतीमागून येतं आणि फोटो काळे पडतात. मग लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

क्रम असा: सीएसएमटी (1888), दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक, तिथून डावीकडे हॉर्निमन सर्कल (टाऊन हॉल इथेच), मग काळा घोडा आणि शेवटी ओव्हल मैदान. साधारण तीन किलोमीटर, रेंगाळत अडीच तास.

सीएसएमटीला नुसता घुमट पाहून निघू नका. समोरच्या फुटपाथवरून दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं शोधा. दगडही ओळखायला शिका: पिवळसर तो मालाडचा, काळा तो आपला बेसाल्ट. टाऊन हॉल (1833) मात्र वेगळ्याच घराण्यातला, ग्रीक धाटणीचे खांब आणि तीस पायऱ्या. गॉथिकची, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांच्या शैलीची, लाट नंतरची, 1860च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर आलेली.

ओव्हलवर पाचच्या सुमाराला पोहोचा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरची गॉथिक रांग उन्हात सोनेरी दिसते, पाठीमागे 1930च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे गोलसर कोपरे आणि ठळक रेषांच्या, इमारती. 2018 साली युनेस्कोने दोन्ही मिळून एकच वारसास्थळ मानलं. मैदानाच्या मधोमध उभं राहून मान वळवा, बस्स.

रविवारचा तोटा एवढाच की आतून फारसं काही पाहता येत नाही. ट्रायपॉड घरीच ठेवा, पहारेकरी अडवतात.