इलॅबोरेट, एक्सपांड आणि एन्लार्ज यांत नेमका फरक काय?

तिन्हींना ‘वाढवणं’ म्हणून भागत नाही. इलॅबोरेटच्या मुळाशी लॅटिन ‘लाबोर’, म्हणजे कष्ट. मेहनतीनं घडवून काढणं हा मूळ अर्थ, म्हणून यात आकार नाही, तपशील वाढतो. नुसतं ‘कॅन यू इलॅबोरेट?’ चालतं, पुढे मुद्दा आला की ‘ऑन’ लावा. ‘इलॅबोरेट अबाउट’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते टाळा. विशेषण असेल तर शेवट ‘रेट’ नाही, ‘रट’सारखा आखूड होतो.

एक्सपांड म्हणजे बाहेर पसरणं (लॅटिन ‘पांदेरे’, पसरणं). नागपूरची मेट्रो बुटीबोरी, कन्हानकडे न्यायची, ते एक्सपांड. मुद्दा फुलवायचा तर इथेही ‘एक्सपांड ऑन’. एन्लार्ज जुन्या फ्रेंचमधून आलं. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) फोटो मोठा करून घेता ना, तेच. ‘एन्लार्ज ऑन’ बरोबर आहे, पण आता जुनाट वाटतं.

जवळचा धोकादायक शब्द एक्झॅजरेट. ‘आग्गेर’ म्हणजे ढीग; ढिगावर ढीग रचला की अतिशयोक्ती. आणि एक्सपेशिएट म्हणजे लांबण लावणं, मुळात मात्र वाट सोडून भटकणं. सत्काराच्या भाषणांना अगदी फिट्ट!