दाताचा जन्म : आधी डेंटिन, मग एनॅमल

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात : हिरडीतून वर येण्याआधी दात कसा घडतो, आणि त्या घडणीत व्यत्यय आला तर पुढे काय दिसतं. दाताचं बाहेरचं कठीण आवरण म्हणजे एनॅमल, त्याखालचा थर डेंटिन आणि आतला मऊ, जिवंत गाभा म्हणजे पल्प.

प्रश्न : बाळाचे दात सहाव्या-सातव्या महिन्यात दिसू लागतात. मग ते घडायला सुरुवात कधी होते? एनॅमल, डेंटिन आणि पल्प हे तिन्ही एकाच प्रकारच्या पेशींपासून बनतात का?

सुरुवात होते गर्भाच्या सहाव्या आठवड्यात. (इथले सगळे आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यांच्या हिशेबात दोन आठवडे जास्त धरा.) त्या सुमारास भावी जबड्याच्या कडेने तोंडाचं अस्तर घोड्याच्या नालाच्या आकारात जाड होतं. ही दंतपट्टी. तिच्यावर वर १० आणि खाली १० असे फुगवटे येतात. दुधाचे २० दात ते हेच.

पेशी मात्र दोन वेगळ्या घराण्यांतल्या असतात. एनॅमल बनतं तोंडाच्या अस्तरापासून. डेंटिन आणि पल्प बनतात त्या अस्तराखाली जमलेल्या पेशींपासून, आणि या पेशी मूळच्या तिथल्या नव्हेत. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, तिच्या कडेवरून निघून त्या जबड्यापर्यंत आलेल्या असतात.

आठव्या आठवड्याच्या आसपास फुगवटा कळीसारखा दिसतो. नवव्या-दहाव्यात त्याची उपडी टोपी होते आणि अकराव्या-बाराव्यापासून ती घंटेसारखी खोल होत जाते. टोपी म्हणजे एनॅमलचा अवयव. तिच्या पोकळीत दाटलेला पेशींचा गोळा म्हणजे दंतांकुर : त्याचा बाहेरचा थर डेंटिन बनवतो आणि आत उरतो तो पल्प. या दोघांना वेढणाऱ्या पिशवीतून मुळावरचं सिमेंटम, दात धरून ठेवणारे तंतू आणि खोबणीचं हाड तयार होतं.

दात करायचा हे ठरवतं कोण? सुरुवातीला अस्तर. पुढे हा अधिकार खालच्या पेशींकडे जातो. १९७० च्या सुमारास उंदराच्या गर्भावर झालेल्या प्रयोगांत दाढेच्या अंकुरावर पायाच्या कातडीचं अस्तर ठेवलं, तर त्या कातडीने एनॅमलचा अवयव बनवला आणि दात झाला. पटाशीच्या अंकुरावर दाढेचं अस्तर ठेवलं तर पटाशीचा दात झाला. दाताचा आकार त्या टप्प्यावर अंकुराच्या हाती असतो, हे यातून कळलं. पॅक्स-९ किंवा एमएसएक्स-१ या जनुकांत बिघाड असला तर काही दात मुळी उगवतच नाहीत, कारण अस्तर आणि खालच्या पेशी यांच्यातल्या निरोपांची साखळी कळीच्या टप्प्यापाशीच तुटते.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवते. पुस्तकात लिहिलंय की डेंटिन आधी बनतं. पण आकृतीत एनॅमल बनवणाऱ्या पेशी आधी उंच झालेल्या दिसतात. मुलं विचारतात, खरं काय?

दोन्ही खरं आहे, आणि हा प्रश्न मुलांना पडला याचा आनंद वाटतो. तयारी एनॅमलवाल्या पेशी आधी करतात, काम डेंटिनवाल्या आधी करतात. फळ्यावर हा क्रम असा लिहा.

घंटेच्या आतल्या अस्तरातल्या पेशी उंच होतात आणि त्यांचं केंद्रक अंकुरापासून दूरच्या टोकाला सरकतं. त्या अंकुराला रासायनिक निरोप पाठवतात. निरोप मिळालेल्या अंकुराच्या कडेच्या पेशी मोठ्या होऊन ओडोन्टोब्लास्ट बनतात, कोलॅजेनचं जाळं टाकतात आणि त्यात खनिज बसू लागतं. हे पहिलं डेंटिन. ते दिसल्यावरच दोन्ही थरांमधला पातळ पडदा विरतो आणि समोरच्या पेशी पूर्ण अमेलोब्लास्ट होऊन त्या डेंटिनवर एनॅमल टाकतात. डेंटिनच झालं नाही तर एनॅमलही होत नाही. दुधाच्या मधल्या पटाशीच्या दातात हे खनिजीकरण साधारण १४ व्या आठवड्यात सुरू होतं, दुसऱ्या दाढेत १८-१९ व्या.

यानंतर दोन्ही फौजा एकमेकींकडे पाठ न करता मागे हटतात. ओडोन्टोब्लास्ट आत, पल्पच्या दिशेने, अमेलोब्लास्ट बाहेर. दोघींचा वेग दिवसाला सुमारे ४ मायक्रॉन, म्हणजे १ मिलिमीटर थराला जवळजवळ २५० दिवस. आकृतीत डेंटिन-एनॅमलची सीमा पक्की रेघ म्हणून काढा आणि दोन्ही बाण तिच्यापासून दूर जाणारे दाखवा. बहुतेक मुलं इथेच चुकतात, त्यांना वाटतं एनॅमल बाहेरून आत बनतं.

मागे हटताना ओडोन्टोब्लास्ट आपलं लांब शेपूट डेंटिनमध्येच ठेवतो, म्हणून डेंटिनमधून सूक्ष्म नळ्या जातात. अमेलोब्लास्ट काहीच मागे ठेवत नाही. एनॅमलमध्ये एकही पेशी वा नळी शिल्लक राहत नाही.

नुकतं टाकलेलं एनॅमल मऊ असतं, त्यात खनिज वजनाने जेमतेम ३०% असतं. पूर्ण जाडी झाली की अमेलोब्लास्ट दुसऱ्या कामाला लागतात : विकरांनी प्रथिनं तोडायची, पाण्यासह बाहेर काढायची आणि त्या जागी कॅल्शियम, फॉस्फेट भरायचं. शेवटी खनिज ९६% होतं. डेंटिनमध्ये ते ७०% च्या आसपास राहतं, बाकी कोलॅजेन आणि पाणी; म्हणूनच ते किंचित लवतं आणि वरच्या ठिसूळ एनॅमलला आधार देतं. डेंटिनमध्ये जन्मजात दोष असलेल्या दातांवरचं एनॅमल मूळचं चांगलं असूनही टवके उडून का जातं, ते इथे कळतं.

दाढेत ही सुरुवात प्रत्येक टेकाडाच्या टोकावर वेगवेगळी होते. टोकाची जागा पेशींची एक लहान गाठ ठरवते. ही गाठ स्वतः विभागत नाही, शेजाऱ्यांना वाढायला लावते आणि काम झालं की मरून जाते. टेकाडं खाली पसरत एकमेकांना मिळतात तिथे खाच राहते. काही खाचांच्या तळाशी एनॅमल फारच पातळ असतं, आणि कीड तिथूनच आत शिरते.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. नव्या आलेल्या चारपैकी तीन दाढांवर पिवळसर-तपकिरी डाग आहेत, एकीचा तुकडाही पडला. वरच्या पुढच्या एका दातावर पांढरट ठिपका आहे. गरोदरपणात माझं काही चुकलं का?

बहुधा नाही. कायमच्या पहिल्या दाढेची कळी गर्भातच चौथ्या महिन्याच्या सुमारास दिसते हे खरं, पण तिच्यात खनिज बसायला जन्माच्या आसपास सुरुवात होते आणि मुकुट, म्हणजे हिरडीच्या बाहेर दिसणारा भाग, पूर्ण होतो अडीच-तीन वर्षांपर्यंत. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचं काम जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होऊन चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. दाढ आणि पटाशी दोन्ही बिघडल्या असतील, तर व्यत्यय दोघींचं काम एकाच वेळी चालू असताना आला असावा, म्हणजे साधारण जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपासून तिसऱ्या वर्षापर्यंत. या अवस्थेचं एकच कारण दाखवता येत नाही. त्या वयातले आजार आणि वारंवारचा ताप यांच्याशी संबंध जोडला जातो, पण एका मुलाच्या बाबतीत बोट दाखवून सांगता येत नाही. स्वतःला दोष देऊ नका.

डाग वाचायची रीत सांगतो. खड्डा, खाच किंवा एनॅमल पातळ असेल तर थर टाकण्याच्या काळात अडथळा आला. जाडी पूर्ण पण रंग दुधी, पिवळा वा तपकिरी असेल तर खनिज भरण्याच्या काळात. डाव्या-उजव्या जोडीवर, एकाच उंचीवर आडवा पट्टा असेल तर कारण सगळ्या शरीराचं. एकाच दातावर असेल तर स्थानिक : त्याच्या जागी आधी असलेल्या दुधाच्या दाताला मार लागला होता किंवा मुळाशी पू झाला होता का, ते आठवा. आणि सगळ्याच दातांवर, दुधाच्याही, सारखा दोष असेल तर आनुवंशिक कारण तपासायला हवं.

दुधाच्या सगळ्याच दातांत जन्माच्या दिवसाची एक रेघ उमटते. ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. तिच्या आतलं एनॅमल गर्भातलं, बाहेरचं जन्मानंतरचं.

दोन गोष्टी मात्र हातात असतात. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मुलाच्या आठव्या वर्षापर्यंत टाळली जातात, कारण औषध कॅल्शियमला चिकटून मुख्यतः डेंटिनमध्ये कायमचं बसतं. आणि फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी; गिळलेलं जादा फ्लोराइड खनिज भरण्याच्या कामात अडथळा आणतं.

तुमच्या मुलाच्या दाढांसाठी वाट पाहू नका. असं एनॅमल चावण्याच्या जोराने ढासळतं, गार पाण्यानेही ठणकतं आणि अशा दाढांवर बधिर करायचं इंजेक्शन कमी चालतं, हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. दाढ शाबूत असेल तर खाचा सीलंटने बुजवणं आणि फ्लोराइड वार्निश, तुकडा पडला असेल तर ग्लास आयोनोमरचं आवरण किंवा स्टीलची टोपी. तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी.

प्रश्न : बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेतं, हे खरं का?

नाही. एनॅमलमध्ये पेशी नाहीत, आणि डेंटिनमधलं कॅल्शियम हाडासारखं गरजेनुसार सोडलं जात नाही. बाळाला कॅल्शियम मिळतं आईच्या रक्तातून, आणि ते तिथे येतं आहारातून व हाडांतून. गरोदरपणात दात बिघडतात ते उलट्यांतल्या आम्लाने, वारंवार खाण्याने आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे ब्रश टाळल्याने. उलटी झाल्यावर चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने करा.

प्रश्न : एनॅमल झिजलं की परत येत नाही, मग डेंटिन कसं येतं?

कारागीर कुठे राहिले ते पाहा. मुकुट पूर्ण झाला की अमेलोब्लास्ट आखडतात, दात वर येईपर्यंत त्यावर पातळ पापुद्र्यासारखे राहतात आणि दात उगवताना नाहीसे होतात. पापुद्र्याचा काही भाग हिरडीला जुळून दाताभोवतीची कड बनतो, तेवढाच उरतो. लाळेतलं खनिज सुरुवातीच्या पांढऱ्या डागात परत बसू शकतं, पण एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही.

ओडोन्टोब्लास्ट मात्र पल्पच्या कडेला जन्मभर जिवंत असतात. ते सावकाश डेंटिन टाकत राहतात, त्यामुळे वयाबरोबर पल्पची खोली अरुंद होते आणि उतारवयात रूट कॅनाल अवघड जातं. कीड हळू असेल तर ते समोर जादा भिंत उभी करतात. वेगाने आली तर तेच मरतात, आणि मग पल्पमधल्या राखीव पेशींना नवे कारागीर घडवावे लागतात. पल्पजवळ चौरस मिलिमीटरला सुमारे ४५,००० नळ्या असतात, बाहेर एनॅमलजवळ २०,००० च्या आसपास. खोल खड्डा एकाएकी इतका का ठणकतो ते यावरून कळेल. म्हणून जिवंत पल्पच्या अगदी जवळ डॉक्टर थोडं किडकं, मऊ डेंटिन मुद्दाम ठेवून वर घट्ट भरतात. अर्धा मिलिमीटर डेंटिन वाचलं तरी पल्पला मोठा आडोसा मिळतो.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची. पडून वरचा पुढचा दात मोडला, लाल ठिपका दिसतोय. डॉक्टर म्हणतात रूट कॅनाल करायचं नाही, पल्प जगवायचा. धोका नाही का?

निर्णय योग्य आहे. मुकुट झाल्यावर घंटेच्या कडेचं अस्तर नळीसारखं खाली वाढतं आणि तिच्या आतल्या पेशींना ओडोन्टोब्लास्ट बनवतं. मूळ असं घडतं. हा दात वर येतो सात-आठव्या वर्षी, मूळ पूर्ण होतं दहाव्याच्या सुमारास. तुमच्या मुलीच्या मुळाचं टोक अजून उघडं आहे, भिंती पातळ आहेत. पल्प काढला तर त्या तशाच राहतील आणि पुढे मूळ मोडण्याची भीती राहील.

म्हणून उघड्या पल्पचा (तो लाल ठिपका) वरचा साधारण २ मिलिमीटर भाग काढतात, रक्त थांबलं की एमटीए (एक प्रकारचं दातांचं सिमेंट) किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवतात आणि वर हवाबंद भरतात. रक्त थांबत नसेल तर सूज खोलवर आहे असं धरून थोडा आणखी भाग काढतात. पुढच्या भेटी ६ ते ८ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि वर्षाने. थंड स्प्रेला दाताने प्रतिसाद दिला नाही म्हणून घाबरू नका. पल्पच्या कडेचं चेतातंतूंचं जाळं सगळ्यात शेवटी पूर्ण होतं, त्यामुळे कोवळ्या दातात ही चाचणी फसवी असते. एक्स-रेत शेजारच्या दाताच्या जोडीने मूळ लांब आणि जाड होत आहे का, ते पाहायचं. हिरडीवर पुळी आली, दात करडा पडला किंवा चावताना दुखू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.