टी पेशीत बीटा आधी, अल्फा मागून: असं का?

थायमस या छातीतल्या ग्रंथीत टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) घडतात. त्यांचा ग्राही, म्हणजे परकं ओळखणारं पृष्ठभागावरचं प्रथिन, अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांचा असतो. त्यातलं बीटा साखळीचंच जनुक आधी का जुळतं, हा तुमचा प्रश्न. कारण सोपं आहे: अल्फा नसतानाही बीटाची परीक्षा घेता येते.

रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं डीएनए कापतात, जनुकाचे व्ही, डी, जे नावाचे तुकडे सांधले जातात. सांध्यावर टीडीटी हे विकर डीएनएची मनाला येईल ती अक्षरं घुसडतं, त्यामुळे तीनातले साधारण दोन सांधे वाचनचौकट (तीन-तीन अक्षरांनी वाचायची मांडणी) चुकून वाया जातात. जमलेली बीटा मात्र प्री-टी-अल्फा या बदली जोडीदारासोबत पेशीच्या पृष्ठभागावर येते. तो संकेत मिळाला की रॅग थांबतं, दुसऱ्या गुणसूत्रावरची बीटा जुळत नाही आणि पेशी भराभर विभागते. मग प्रत्येक लेकपेशी आपापली अल्फा जुळवते. एका बीटावर कितीतरी ग्राही! मला तर ही चक्क काटकसर वाटते.

अल्फात डी तुकडा नसतो, म्हणून पुन्हा प्रयत्नाला वाव राहतो. दादरला एक लोकल चुकली की आपण पुढची पकडतो, तसे पुढचे व्ही आणि जे. फक्त इथे उशीर झाला तर पेशी मरते.

जाता जाता: डेल्टा ही दुसऱ्या प्रकारच्या टी पेशींच्या ग्राहीची साखळी. तिचं जनुक अल्फाच्या पोटातच, १४व्या गुणसूत्रावर असतं. अल्फा जुळली की ते कापलं जातं.