वॉशिंग्टन राज्यात फोनच्या बिलावर ९८८ चे ४० सेंट कशासाठी?

तुम्ही विचारलंय की ९८८ वर, म्हणजे आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असताना मदत मागायच्या नंबरवर, फोन करणं मोफत आहे, योजना फेडरल सरकारची आहे, मग राज्य दर लाइनमागे महिन्याला ४० सेंट कशाचे घेतं? आणि ज्याने कधी फोनच केला नाही त्याने ते का भरायचे? मी याच राज्यातल्या एका क्रायसिस सेंटरमध्ये आठवड्यातून एक रात्र फोन घेते, त्यामुळे ही गोष्ट मला फोनच्या पलीकडच्या टोकाने माहीत आहे.

नंबर फेडरल आहे, फोन उचलणारा माणूस स्थानिक. सगळी गफलत इथे होते. २०२० च्या कायद्याने काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ९८८ हा नंबर या कामासाठी राखून ठेवला आणि १६ जुलै २०२२ ला तो देशभर सुरू झाला. त्याआधी २००५ पासून १-८०० वाला लांबलचक नंबर होता, जो ऐन वेळी कुणाला आठवेल तर शपथ. फेडरल पैशातून कॉल इकडून तिकडे वळवणारी यंत्रणा आणि देशपातळीवरची बॅकअप सेंटर्स चालतात, राज्यांना काही ग्रँटही मिळते. पण २०० हून जास्त स्थानिक सेंटर्समध्ये रात्री खुर्चीत कुणीतरी बसलेलं असायला हवं, आणि त्याच्या पगाराचा मोठा भार राज्यांवर टाकलेला आहे. त्याच कायद्याने राज्यांना, पोलीस-अँब्युलन्स बोलवायच्या ९११ साठी असतो तसा, फोनवर कर लावायची मुभा दिली. मुभाच, सक्ती नाही. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये असा कर सगळ्यात आधी लावला. आपल्याकडे त्याच वर्षी ऑक्टोबरपासून २४ सेंट सुरू झाले आणि जानेवारी २०२३ पासून ४०. कॅलिफोर्नियाने ८ सेंटांपासून सुरुवात केली, डेलावेअरने थेट ६०. निम्म्याहून जास्त राज्यांनी असा कर अजून लावलेलाच नाही.

स्थानिक सेंटरने वेळेत फोन उचलला नाही तर कॉल बॅकअपकडे जातो, म्हणजे बहुधा दुसऱ्याच राज्यात. तिथला माणूस तितक्याच आस्थेने ऐकतो, त्यात शंका नाही. पण पुढे काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं. मी स्वतः त्या जागी बसले आहे. तेव्हा कॉल मोबाइल नंबरच्या एरिया कोडवरून वळवले जायचे. पहाटे तीनच्या सुमाराला आमच्या भागातल्या नंबरवरून एक फोन आला. शिकायला दुसऱ्या राज्यात गेलेला मुलगा, नंबर मात्र घरचाच. अर्धा तास बोलून थोडा शांत झाला आणि त्याने अगदी साधा प्रश्न विचारला: आत्ता, या वेळी, पोलिसांना न बोलावता मी कुठे जाऊ? माझ्या टेबलावर आमच्या काउंटीची लॅमिनेट केलेली यादी, एकेका क्लिनिकच्या वेळेसकट. तिचा काडीचा उपयोग नव्हता. मी एका कानाने त्याला बोलतं ठेवत, तो होता त्या शहराचं नाव टाकून नेटवर शोधत बसले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) आता मोठ्या मोबाइल कंपन्या कॉल टॉवरच्या अंदाजाने वळवतात, नेमका पत्ता न कळवता. २०२४ च्या शेवटी तसा नियमच झाला. पण टॉवरजवळच्या सेंटरमध्ये माणूस नसेल, तर कॉल पुन्हा गावोगाव हिंडणारच.

ग्रँटवर का भागत नाही, हेही कुणीतरी विचारेल. नव्या माणसाला एकट्याने फोन घेण्याइतकं तयार करायला आठवडे जातात. ग्रँट संपायच्या बेतात आली की तोच माणूस, साहजिकच, दुसरी नोकरी बघायला लागतो. बिलावरचा कर निदान दर महिन्याला येतो. फेडरल पैसा किती भरवशाचा, हे जुलै २०२५ मध्ये दिसलंच: ३ दाबल्यावर एलजीबीटीक्यू तरुणांसाठी जी खास लाइन लागायची, ती बंद केली. ती मुलं फोन करायची थांबलेली नाहीत, ती आता आमच्या सर्वसाधारण रांगेत येतात.

आपल्याकडचा कर फक्त फोन उचलण्यापुरता नाही. घरी जाणाऱ्या मोबाइल क्रायसिस टीमसाठीही तो वापरता येतो. दारात गणवेश नाही, साध्या कपड्यांतली दोन माणसं, एखाद्या वेळी त्यातला एक स्वतः अशा काळातून गेलेला. फोनवरून मी जे करू शकत नाही ते ही दोघं करतात, आणि खर्चही साहजिकच जास्त.

माझी एक तक्रार आहे. दर लाइनमागे सरसकट कर म्हणजे प्रीपेड फोनवर दिवस काढणाऱ्याला आणि लक्षाधीशाला एकच भाव. हे मला पटत नाही. दुसरी धास्ती पैसा भलतीकडे वळण्याची. ९११ च्या बाबतीत न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने ते केलंय, एफसीसीच्या (फोन-दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या फेडरल आयोगाच्या) अहवालांत नावं आहेत. ९८८ चा पैसा दुसरीकडे वापरायला कायद्यातच बंदी आहे, आणि त्याचाही अहवाल दरवर्षी काँग्रेसपुढे जातो.

राहिला फोन न करणाऱ्यांचा प्रश्न. माझ्या शिफ्टला येणारे कितीतरी फोन दुसऱ्यासाठी असतात. आई मुलासाठी करते, रूममेट रूममेटसाठी. 'मला काही झालेलं नाही, फोन करू की नको कळत नव्हतं,' अशीच बहुतेकांची सुरुवात. करायचा, खुशाल करायचा.

बिलावर चार लाइन असतील तर महिन्याला १ डॉलर ६० सेंट व्हायला हवेत. त्याहून जास्त दिसले तर कंपनीला फोड मागा. ९११ चा कर वेगळा असतो, आणि कधी कधी दोन्ही एकाच ओळीत कोंबलेले असतात.