रस्ता रुंद झाला, तरी वेळ तोच का?

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीतून स्टेशन रोडला जाताना मी परीख पुलाखालून जातो आणि तेथे कोंडी दिसली की कावळा नाक्याकडून वळसा घालतो. हल्ली दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो. पुलाखालची वाट रुंद केली तर सुटका होईल का? लोक कोणत्या रस्त्याने जातील, हे नियोजनात आधी कसे ठरवतात?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ‘दोन्हीकडे सारखाच वेळ’ हे आपले निरीक्षण अचूक आहे. ब्रिटिश संशोधक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ साली हेच तत्त्व म्हणून मांडले : प्रत्येक जण आपापला वेळ वाचवू लागला, की वापरात असलेल्या सर्व वाटांचा वेळ शेवटी सारखा होतो, कारण जी वाट थोडी मोकळी असते तिकडे लगेच माणसे वळतात.

गर्दी आणि वेळ हे सरळ प्रमाणात वाढत नाहीत. नियोजनात रूढ असलेल्या एका अमेरिकी सूत्रानुसार रस्ता क्षमतेइतका भरला की मोकळ्या रस्त्यापेक्षा १५ टक्के जास्त वेळ लागतो. वाहने क्षमतेच्या दीडपट झाली की सुमारे ७६ टक्के जास्त लागतो. ऊस हंगामात कसबा बावड्याकडे निघालेला, दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर चौकात वळताना अडला, तर मागच्या दुचाकी दोन्ही बाजूंनी पुढे घुसतात आणि समोरून येणाऱ्यांचीही वाट बंद होते. त्या काही मिनिटांत रस्त्याची क्षमताच घटलेली असते.

आता आपल्या रुंदीकरणाचा हिशेब काल्पनिक आकड्यांनी करून पाहू. वळशाच्या वाटेला नेहमी २० मिनिटे लागतात. आतल्या, म्हणजे पुलाखालच्या वाटेला ८ मिनिटे आणि तासाला येणाऱ्या दर १०० वाहनांमागे आणखी १ मिनिट लागते. तासाला १,५०० वाहने असतील, तर १,२०० आतून जातील, ३०० वळशाने, आणि सर्वांना २० मिनिटेच लागतील. आतली वाट रुंद करून दर १२५ वाहनांमागे १ मिनिट असे केले, तर सगळी १,५०० वाहने आत शिरतील आणि वेळ पुन्हा २० मिनिटेच! याउलट जुन्याच रस्त्यावर आत केवळ ६०० वाहने सोडता आली, तर सरासरी १७.६ मिनिटांवर येते. मात्र ९०० जणांनी वळसा स्वीकारायला हवा, आणि तो आपणहून कोणी स्वीकारत नाही. जर्मन गणिती डिट्रिश ब्रेस यांनी तर १९६८ साली दाखवून दिले, की नवा रस्ता जोडल्याने काही वेळा सर्वांचाच वेळ वाढतो.

म्हणूनच नियोजनात आधी वाहने रस्त्यांवर वाटून पाहतात, त्यातून बदललेला वेळ काढतात, त्या वेळेनुसार पुन्हा वाटणी करतात, आणि वाटणी स्थिरावेपर्यंत हे चालू ठेवतात. प्रत्यक्षात सर्वांना सगळ्या वाटांची माहिती नसते, सवयीचा रस्ताही सहज सुटत नाही, त्यामुळे हिशेबात थोडी अनिश्चितताही धरावी लागते.

तेव्हा केवळ पुलाखालची वाहने मोजून रुंदीकरण ठरवणे मला चुकीचे वाटते. पुलाखाली आणि कावळा नाक्यावर एकाच संध्याकाळी मोजणी व्हावी, आणि ती ऊस हंगामात एकदा व पुलाखाली पाणी साचते त्या पावसाळ्यात एकदा, अशी दोनदा व्हावी.