हिरड्यांवर खर्च करायचा की सरळ कवळी?

प्रश्न: आईचं वय ६१, शुगर आहे, आणि कित्येक वर्षांची मिश्री लावायची सवय. खालचे पुढचे दात हलायला लागले म्हणून दाखवलं तर डेंटिस्ट म्हणाले हिरड्यांचा आजार आहे, डीप क्लीनिंग (हिरडीखालची सफाई) आणि फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून आतली सफाई) मिळून २२ हजार होतील. मेडिक्लेमवाल्यांनी फोनवरच हात वर केले. आई म्हणते सगळे दात पाडा नि कवळी बसवा, एकदाच काय तो खर्च. हिशोबाने तिचं बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आत्ता खिशातून किती जाणार एवढंच बघितलं तर आईंचं बरोबर आहे, साधी कवळी स्वस्तच पडेल. पण ते "एकदाच" काही खरं नाही हो. दात काढले की जबड्याचं हाड झिजत जातं, कवळी सैल होते, खालची तर जास्तच, मग ती आतून भरून घ्या, काही वर्षांनी नवी करा, आणि भाकरी-शेंगदाणे खायचे वांधे ते वेगळेच. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रूसारखा बसवलेला दात म्हणाल तर एकेका दाताचे हजारो रुपये, आणि हिरड्यांचा आजार नि तंबाखू तशीच राहिली तर इम्प्लांटभोवतीचं हाडही तसंच जातं.

तरी २२ हजारही एकदम कबूल करू नका. डॉक्टर हिरडीत बारीक खुणांची सळई घालून "तीन, दोन, सहा" असं बोलत जातात ना, ते मिलिमीटर असतात, दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली. तो चार्ट मागून घ्या. आधी फक्त डीप क्लीनिंग करायचं, साधारण तीन महिन्यांनी परत मोजायचं, आणि जिथे सहा किंवा त्याहून जास्त खोली राहिली तिथेच सर्जरीचा विचार. बऱ्याच जागा क्लीनिंगनेच सुधारतात, तो खर्च वाचतो. पार निकामी झालेला एखादा दात काढावा लागला तर काढा, त्यासाठी सगळे कशाला? आणि हो, क्लीनिंगनंतर फटी दिसतील, दात जास्त हलल्यासारखे वाटतील, तेव्हा "डॉक्टरनेच ढिले केले" म्हणू नका, कीटण निघालं आणि सूज उतरली की आधीच गेलेलं हाड उघडं पडतं इतकंच.

कोटेशनमध्ये सहसा न लिहिलेला खर्च म्हणजे पुढचा मेंटेनन्स. आईंसारख्या पेशंटला दर तीन-चार महिन्यांनी साफसफाई लागते, ती टाळली तर आधीचे पैसे पाण्यात. मिश्री चालूच राहणार असेल तरी तेच, आणि ती बंद करायला तर एक पैसा लागत नाही.

शुगरचं म्हणाल तर २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासतात) हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, सरासरी ०.४३ टक्क्याने उतरलेलं दिसलं, हा फायदा मोठाच. पण "औषधांचा खर्च वाचेल" असं कोणी सांगितलं तर जरा जपून. अमेरिकन इन्शुरन्सच्या आकड्यांत तशी बचत दिसते खरी, पण वेळेवर डेंटिस्टकडे जाणारी माणसं बाकी तब्येतही सांभाळतात, मग श्रेय नक्की कशाला द्यायचं?

पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, खासगी कॉलेजांतही हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. खर्च खूप कमी, फक्त खेपा जास्त, त्यात तुमची सुट्टी आणि एसटीचं भाडं धरा नि मग तुलना करा.

प्रश्न: लंडनला असते. दर सहा महिन्यांनी क्लीनिंग करतेच, हिरड्या ठीक आहेत. फायदा होतो ना?
– एक वाचक

उत्तर: दात चकचकीत होतात, हिरड्यांना फारसा नाही. तुमच्याकडेच आयक्वाड नावाची मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. गंभीर आजार नसलेल्या लोकांत सहा महिन्यांनी क्लीनिंग, वर्षाने, किंवा अजिबात नाही, तीन वर्षांनी हिरड्यांतून रक्त येण्यात फरक नाही. गंमत म्हणजे लोक तरी त्यासाठी पैसे मोजायला तयार होते. खरंच आजार निघाला तर तुमच्याकडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, डीप क्लीनिंग बँड २ या दरगटात येतं, एप्रिल २०२५ च्या दराने ते ७५.३० पौंड होतं, त्या उपचाराच्या खेपा कितीही होवोत. तोवर दातांच्या फटीतले छोटे ब्रश आणा आणि रोज वापरा.